पिंपरीच्या कारखान्याचा खरा ताळेबंद

सूक्ष्मजीवांच्या शास्त्रीय नामावळीत ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असे एक नाव आहे. पुण्याजवळच्या पिंपरीचे नाव लॅटिन वळण घेऊन तिथे जाऊन बसले, त्याला कारण तिथली माती आणि त्या मातीवर उभा राहिलेला एक सरकारी कारखाना. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरी-चिंचवडकरांची ‘एच. ए. कंपनी’, १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यानंतर पाच-सहा वर्षांत कारखान्याच्याच प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जीव वेगळा काढला आणि त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवर चालणारे ‘हामायसिन’ हे नवे प्रतिजैविक मिळवले. आज या कंपनीचे नाव वर्तमानपत्रांत येते ते थकलेले पगार, कर्ज आणि जमीनविक्री यांच्या संदर्भात. तेवढ्यावरून अनेक जण निकाल देऊन मोकळे होतात की सरकारने तंत्रज्ञानाच्या आणि उद्योगाच्या भानगडीत पडूच नये. हा निकाल घाईचा आहे असे माझे ठाम मत आहे. भारताला आज ‘जगाचे औषधालय’ म्हटले जाते. त्या औषधालयाचा पाया सरकारी कारखाने, सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारने केलेला एक कायदा या तिघांनी मिळून घातला. अशा संस्थांचे मोल त्यांनी काय विकले यावरून कळत नाही. त्यांनी किती माणसांना काय शिकवले आणि ते ज्ञान किती मोकळे ठेवले, यावरून ते कळते. पिंपरीचा ताळेबंद या पद्धतीने मांडला, तर जमेची बाजू कितीतरी मोठी दिसते, आणि कारखाना नेमका कुठे चुकला हेही स्वच्छ दिसते.

सुरुवात पिंपरीपासून दूर, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावापासून करायला हवी. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिनचा शोध लागला आणि ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनी त्याचे औषध होऊ शकते हे दाखवले, इथपर्यंतची कथा शाळेच्या पुस्तकांतही असते. पण बशीतल्या बुरशीपासून मणाने औषध कसे काढायचे, हा प्रश्न सुटला तो पिओरियात, अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत. मक्याचे पीठ काढताना उरणारे पाणी ही त्या भागातल्या शेतमालाची निरुपयोगी मळी होती. तिचे काय करायचे यावर ही प्रयोगशाळा आधीपासून काम करत होती. १९४१ मध्ये फ्लोरी यांचे सहकारी हीटली तिथे आले. प्रयोगशाळेतल्या अँड्र्यू मॉयर यांनी ही मळी आणि दुग्धशर्करा बुरशीला खाऊ घातली, तेव्हा उत्पन्न अनेक पटींनी वाढले. १९४३ मध्ये गावच्या बाजारातल्या एका कुजक्या खरबुजावर बुरशीचा एक कितीतरी सरस वाण सापडला. पुढे कारखान्यांत वापरले गेलेले बहुतेक वाण याच खरबुजावरच्या बुरशीचे वंशज. मोठ्या टाक्यांत खोलवर हवा सोडून बुरशी वाढवण्याचे तंत्र कंपन्यांनी विकसित केले हे खरे. पण त्यांना एकत्र बसवणारे, माहितीची देवाणघेवाण घडवणारे आणि खर्चाची हमी देणारे सरकारच होते. सरकारी पैशांतून बांधलेले सहा पेनिसिलिन कारखाने युद्धानंतर कमी किमतीत खासगी कंपन्यांच्या हवाली केले गेले. म्हणजे पुढे ज्या अमेरिकी कंपन्यांकडे तंत्रज्ञान मागायला बाकीच्या जगाला हात पसरावे लागले, त्यांचे ते तंत्रज्ञान मुळात सरकारच्या अंगणात वाढले होते. मुक्त बाजाराचा दाखला म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांनी पिओरिया विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर भारतापुढे पेच होता तो असा. पेनिसिलिन हवे होते, तेही भरपूर आणि स्वस्त. परदेशी कंपन्यांशी बोलणी झाली, पण कंपनीकडून तंत्र घ्यायचे म्हणजे स्वामित्वशुल्क भरायचे, गुप्ततेच्या अटी मान्य करायच्या आणि पुढच्या सुधारणेसाठी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे. दुसरा रस्ता दाखवणाऱ्यांमध्ये साहिब सिंग सोखी हे नाव महत्त्वाचे आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे ते १९३२ पासूनचे संचालक आणि त्या पदावरचे पहिले भारतीय. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस केली, तिच्यातून ही संस्था उभी राहिली. सरकारी संस्था लोकांसाठी औषध बनवू शकते, हा मुंबईचा अनुभव सोखींच्या पाठीशी होता. १९५० मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेत सहाय्यक महासंचालक झाले. त्या संघटनेने आणि युनिसेफने मिळून भारत सरकारशी १९५१ मध्ये करार केला. यंत्रे युनिसेफची, तज्ज्ञ आरोग्य संघटनेचे, जमीन, इमारती आणि माणसे भारताची. या करारातली सर्वांत मोलाची गोष्ट यंत्रे ही नव्हती. कारखान्यात जे शिकले जाईल ते लपवून ठेवायचे नाही, इतर देशांतल्या तंत्रज्ञांनाही तिथे प्रशिक्षणाची वाट मोकळी ठेवायची, हा त्यामागचा विचार होता. मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे यांच्या कडेला, पवनेच्या काठी असलेले पिंपरी त्यासाठी निवडले गेले. तेव्हा ते लहानसे खेडे होते आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी तिथे वसली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन व्हायला अजून काही वर्षे अवकाश होता, तेव्हा या परिसराला उद्योगाची ओळख करून दिली ती या कारखान्याने.

त्या कारखान्यात शिकण्यासारखे काय होते, हे थोडे जवळून पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. पेनिसिलिन बनवणे हे साचा लावून भांडी काढण्यासारखे काम नाही, ते एक प्रकारचे पशुपालन आहे. दोन-तीन मजली उंचीच्या पोलादी टाकीत हजारो लिटर पोषकद्रव्य वाफेने निर्जंतुक करायचे, थंड करायचे, त्यात लहान टाकीत वाढवलेली बुरशी सोडायची आणि मग दिवसेंदिवस तिच्या दिमतीला राहायचे. हवा सतत हवी, आणि ती हवाही जंतुविरहित हवी. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. द्रव आम्लाकडे झुकतो की विरुद्ध दिशेला, हे सारखे पाहत राहावे लागते. फेस चढला तर तो वेळेवर मोडावा लागतो. साखर एकदम दिली तर बुरशी अंगाने फोफावते पण औषध देत नाही, म्हणून तिला जरा उपाशी ठेवत बेताबेताने खाऊ घालावे लागते. एखाद्या झडपेतून किंवा जोडातून बाहेरचा जंतू आत शिरला, तर त्याच्या विकराने तयार झालेले पेनिसिलिन मोडते आणि सगळी टाकी गटारात सोडून द्यावी लागते. पुढचे काम तर याहून नाजूक. बुरशी गाळून काढायची, राहिलेला द्रव गार करून आम्लयुक्त करायचा आणि क्षणाचाही उशीर न करता औषध द्रावकात ओढून घ्यायचे, कारण आम्लात पेनिसिलिन झपाट्याने नासते. मग ते पुन्हा पाण्यात आणायचे आणि त्याचे पांढरे स्फटिक पाडायचे. यातल्या कितीतरी गोष्टी कागदावर उतरत नाहीत. टाकीच्या आवाजावरून, फेसाच्या रंगावरून, नमुन्याच्या वासावरून काय बिघडले हे ओळखणारा तंत्रज्ञ पाळीमागून पाळी काढूनच घडतो. असा कारखाना देशात असणे म्हणजे असे तंत्रज्ञ घडवणारी शाळाच देशात असणे. या शाळेची फी कंपनीच्या ताळेबंदात तोटा म्हणून दिसते आणि तिचा लाभ दुसऱ्याच कुणाच्या तरी ताळेबंदात नफा म्हणून उमटतो.

हा लाभ कुठे उमटला याचा माग काढता येतो. पेनिसिलिनच्या कारखान्याच्या आधीच, ३ जानेवारी १९५० रोजी, पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची ती प्रयोगशाळा. मुंबईत विद्यापीठाचे रासायनिक तंत्रज्ञान खाते, म्हणजे माटुंग्याचे यूडीसीटी, १९३३ पासून रसायन-अभियंते घडवत होते. १९६१ मध्ये केंद्र सरकारने सोव्हिएत मदतीने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी कंपनी काढली. तिचा प्रतिजैविकांचा कारखाना हृषीकेशला आणि रासायनिक औषधांचा हैदराबादला. आता एकाच माणसाचा रस्ता पाहा. आंध्रातल्या एका शेतकरी घरातले अंजी रेड्डी यूडीसीटीमध्ये शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी डॉक्टरेट केली, १९६९ ते १९७५ या काळात हैदराबादच्या सरकारी औषध कारखान्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज ही कंपनी काढली. त्यांच्यासारखे कितीतरी रसायनतज्ज्ञ त्या सरकारी कारखान्यातून बाहेर पडले आणि हैदराबाद देशाच्या बल्क ड्रगची, म्हणजे औषधांतल्या मूळ रसायनांची, राजधानी बनले. पुण्यातही हेच घडले, फक्त ते लसींच्या बाबतीत. हाफकिन संस्था घोड्यांच्या रक्तापासून विषावरचा आणि धनुर्वातावरचा सीरम काढत असे. तिला घोडे देणाऱ्या पूनावाला कुटुंबाने १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली आणि तिच्या सुरुवातीच्या काळात हाफकिनमध्ये तयार झालेल्या तज्ज्ञांचा तिला आधार मिळाला. पुढे ही कंपनी डोसांच्या संख्येत जगातली सर्वांत मोठी लस-उत्पादक झाली. सरकारी संस्थांनी या कंपन्या चालवल्या नाहीत, चालवू शकल्याही नसत्या. पण या कंपन्यांना पहिल्या दिवशी जी माणसे मिळाली, ती आकाशातून पडली नव्हती.

माणसे आणि प्रयोगशाळा एवढ्यानेही भागले नसते. तिसरी गोष्ट लागत होती ती कायद्याची. स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा इंग्रजी अमदानीतला पेटंट कायदा चालू होता. औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळत असल्याने परदेशी कंपन्या इथे पेटंट घेत, पण उत्पादन मात्र इथे करत नसत. तयार औषध बाहेरून आणायचे, इथे गोळ्या आणि इंजेक्शने भरायची, हा धंदा होता. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने १९६१ च्या अहवालात नोंदवले की भारतातल्या प्रतिजैविकांच्या किमती जगातल्या सर्वाधिक किमतींमध्ये मोडतात. गरीब देशात सर्वांत महाग औषध, अशी ही परिस्थिती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात या व्यवस्थेची कसून चिकित्सा केली, आणि त्याच्या आधाराने १९७० चा पेटंट कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न, औषधे आणि रसायने यांच्या बाबतीत पेटंट आता पदार्थाला मिळणार नव्हते, ते फक्त पदार्थ बनवण्याच्या प्रक्रियेला मिळणार होते, आणि तेही मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. या एका बदलाने प्रयोगशाळांतल्या रसायनशास्त्रज्ञांना अचानक काम मिळाले. एखाद्या औषधापर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट शोधली की ती वाट त्यांची होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम करून पुढे हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालक झालेले ए. व्ही. रामराव यांनी एड्सवरच्या झिडोव्हुडिन या औषधाची स्वतंत्र प्रक्रिया तयार केली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती घेऊन १९९३ मध्ये औषध बाजारात आणले. २००१ मध्ये याच कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. तेव्हा श्रीमंत देशांत याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे आयुष्य त्या आकड्याने बदलले. सरकारी प्रयोगशाळा, खासगी उद्योजक आणि विचारपूर्वक केलेला कायदा या तिघांनी हात मिळवले की काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे सगळे नक्कल करण्याचे तंत्र होते, यात नवनिर्मिती कुठे आहे? दुसऱ्याने कोट्यवधी खर्चून शोधलेला रेणू आयता घ्यायचा आणि स्वस्तात विकायचा, याला संशोधन म्हणायचे का? हा आक्षेप वरवर न्याय्य वाटतो, पण इतिहास त्याच्या बाजूने नाही. आज रेणूच्या पेटंटचा सर्वांत मोठा आग्रह धरणाऱ्या देशांनी आपापला औषध उद्योग उभा राहीपर्यंत नेमके हेच केले. जर्मनीत १९६७-६८ पर्यंत औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हते, प्रक्रियेला होते. स्वित्झर्लंडमध्ये पदार्थाचे पेटंट आले ते १९७७ मध्ये, म्हणजे बाझलच्या कंपन्या जगभर पसरल्यानंतर. इटलीत १९७८ पर्यंत औषधांना पेटंटच मिळत नसे. नवी प्रक्रिया शोधणे हलके काम आहे, हा समजही चुकीचा आहे. बारा पायऱ्यांची क्रिया सात पायऱ्यांत आणायची, महागडा उत्प्रेरक टाळायचा, शुद्धता राखायची, आणि काचेच्या चंबूत जमले ते हजार लिटरच्या भांड्यात स्फोट न होता जमवायचे, यात जे कौशल्य लागते त्यानेच भारतीय औषधे अमेरिकेच्या कडक तपासणीतून पार पडली आणि तिथल्या जेनेरिक बाजारात त्यांनी मोठा वाटा मिळवला. आणि मूळ संशोधनाचा खर्च नेमका कुणी केला, हाही प्रश्न विचारायला हवा. झिडोव्हुडिनचा रेणू पहिल्यांदा १९६४ मध्ये तयार झाला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अनुदानातून, म्हणजे तिथल्या करदात्यांच्या पैशांतून. आक्षेपात सत्याचा अंश आहे तो वेगळ्या ठिकाणी. प्रक्रियेत पारंगत झाल्यावर पुढची पायरी, म्हणजे स्वतःचा नवा रेणू शोधून तो जगाच्या बाजारापर्यंत नेण्याची पायरी, आपण फार क्वचित चढलो. हामायसिन आणि पिकांच्या रोगांवरचे ऑरिओफंजिन हे पिंपरीने लावलेले शोध त्या दिशेचे होते, पण त्यांच्यामागे अखंड परंपरा उभी राहिली नाही. ही उणीव कायद्यामुळे आली नाही. शिकलेल्या माणसांना पुढे शिकत ठेवण्यात आपण कमी पडलो, म्हणून ती आली.

इथेच दुसरा आणि अधिक जड आक्षेप येतो: मग एच. ए. कंपनी बुडाली कशी? सरकारी संस्था एवढ्या गुणी होत्या तर पिंपरीच्या टाक्या थंड का पडल्या? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे, कारण माझ्या मताची खरी कसोटी इथे आहे. औषधांच्या किमतींवरचे नियंत्रण, वाढती नोकरभरती, दिल्लीतून येणारे निर्णय ही कारणे आहेतच. पण मुळाशी मला दुसरेच कारण दिसते, ते शिकणे थांबल्याचे. मोकळ्या ज्ञानाच्या करारातून जन्मलेल्या या कारखान्याने १९५८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनसाठी अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार केला. ज्या दारी जायचे टाळले होते, त्याच दारी तो गेला. पेनिसिलिनच्या धंद्यात सगळे काही वाणावर अवलंबून असते. बुरशीचा वाण दर काही वर्षांनी सुधारत नेला तर त्याच टाकीतून दुप्पट-चौपट माल निघतो, आणि तो सुधारण्याचे काम एक दिवसही थांबवून चालत नाही. संरक्षित बाजारपेठेत हे काम थांबले तरी कारखाना काही काळ चालतो, म्हणून ते थांबल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनचे स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले, तेव्हा मात्र सगळे एकदम उघडे पडले. १९९७ मध्ये कंपनीचे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले, आणि पुढे खासगी कारखान्यांनीही पेनिसिलिन-जीचे उत्पादन सोडून दिले. ध्यानात घ्या, चीनचा माल स्वस्त झाला तो सरकार बाजूला उभे राहिल्यामुळे नव्हे. तिथे सरकारने मोठ्या क्षमतेचे कारखाने, वीज, जमीन आणि भांडवल यांना सातत्याने आधार दिला. म्हणजे एका सरकारने हात काढून घेतला आणि दुसऱ्या सरकारने तो काढला नाही, असा हा सामना होता. पिंपरीच्या अपयशातून सरकार नको हा धडा निघत नाही. ज्या संस्थेचे शिकणे थांबते तिला सरकारी शिक्का वाचवू शकत नाही, हा धडा निघतो.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे खासगी उद्योगाने आपणहून केले असते, सरकारने फक्त उशीर केला. सिप्ला तर १९३५ पासून होती, पिंपरीच्या कारखान्यानंतर काही वर्षांतच बडोद्याच्या अलेम्बिकने पेनिसिलिन केले, मग सरकारची गरज काय? उद्योजकांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारणच नाही. सिप्लाचे संस्थापक ख्वाजा अब्दुल हमीद यांनी तर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या स्थापनेच्या काळात सरकारी प्रयोगशाळांचाच आग्रह धरला होता, म्हणजे आपल्याला काय हवे आहे हे उद्योजकांना आधीपासून ठाऊक होते. पण जे काम करण्यात कुणा एकाचाच नफा नसतो, ते काम बाजार आपणहून करत नाही. याचे अलीकडचे उदाहरण पुण्याचेच आहे. आफ्रिकेतल्या सहारालगतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी दर काही वर्षांनी येत. त्या रोगाच्या ए-प्रकारावर लस करणे बड्या कंपन्यांना परवडत नव्हते, कारण ती घेणारे लोक गरीब होते. अखेर लशीतले दोन घटक जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने दिले, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थांनी प्रकल्प चालवला, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लस डोसला अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी किमतीत बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली आणि त्या प्रकारच्या रोगाच्या साथी जवळजवळ संपल्या. या गोष्टीत सरकारी प्रयोगशाळेने तंत्र मोकळे केले आणि खासगी कारखान्याने ते झपाट्याने व काटकसरीने प्रत्यक्षात आणले. १९५१ च्या पिंपरी करारामागचा विचारही यापेक्षा वेगळा नव्हता.

हा सगळा इतिहास आज उगाळण्याचे कारण ताजे आहे. २००५ पासून रेणूचे पेटंट पुन्हा लागू झाले. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवण्याची वाट आपल्या संसदेने कायद्यातल्या ३(ड) कलमाने अडवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोव्हार्टिसच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेक औषधाच्या खटल्यात ती अडवणूक मान्य केली, ही समाधानाची गोष्ट. पण गोळ्या भारतीय असल्या तरी त्यांच्या आतला माल कुठला? भारतात आयात होणाऱ्या बल्क ड्रगपैकी सुमारे दोन-तृतीयांश चीनमधून येतात. २०२० च्या साथीत हे परावलंबन सगळ्यांच्या डोळ्यांत भरले आणि केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणली. तिच्यात पेनिसिलिन-जीसारख्या किण्वनातून होणाऱ्या मालाला पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन आहे. तिच्या आधाराने आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा खासगी कारखाना २०२४ मध्ये उभा राहिला. पिंपरीने जे १९५५ मध्ये करून दाखवले होते, ते सत्तर वर्षांनी पुन्हा नव्याने करावे लागले. ही योजना आणल्याबद्दल सरकारचे कौतुकच आहे. पण पिंपरीचा अनुभव समोर ठेवून तिला एक प्रश्न विचारला पाहिजे. प्रोत्साहन विकलेल्या मालावर मिळते, शिकलेल्या गोष्टीवर मिळत नाही. सहा वर्षांनी पैसे संपतील तेव्हा वाण सुधारणारी प्रयोगशाळा, किण्वनाच्या टाकीवर हात बसलेली हजारो तरुण मुले आणि सर्वांना वापरता येईल असे तंत्रज्ञान मागे उरणार आहे का? की चिनी मालाची किंमत आणखी दोन रुपयांनी उतरली की याही टाक्या थंड पडणार?

याची तजवीज करणे अवघड नाही, कारण तिचे घटक आपल्याकडे आहेत. पाषाण रस्त्यावरची प्रयोगशाळा आहे, तिच्या आवारात २००७ पासून नव्या कंपन्यांना घडवणारे केंद्र आहे, माटुंग्याचे यूडीसीटी आज स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे, आणि जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योजकांना पैसा देणारी ‘बायरॅक’ ही सरकारी संस्था २०१२ पासून काम करते आहे. अनुदानाच्या प्रत्येक रकमेचा एक हिस्सा सूक्ष्मजीवांच्या वाण-सुधारणेच्या सामाईक प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावा, अनुदान घेणाऱ्या कारखान्याने दरवर्षी ठरावीक संख्येने बाहेरच्या मुलांना टाकीवर प्रशिक्षण द्यावे, आणि सरकारी पैशातून मिळालेले मूलभूत तंत्र ठरावीक काळानंतर सगळ्या देशी उत्पादकांना खुले व्हावे, अशा तीन अटी घातल्या तरी पुष्कळ साधेल. या अटी नव्या नाहीत. मळीवर प्रयोग करणाऱ्या पिओरियाच्या प्रयोगशाळेत आणि पवनेकाठच्या त्या पहिल्या करारात त्या होत्याच. पिंपरीच्या कंपनीची जमीन विकून तिची देणी फेडली जातील आणि तिच्या खात्याचा हिशेब कधीतरी बंद होईल. पण तिथल्या पाळ्यांत तयार झालेल्या हातांनी देशाला जे दिले, त्याची जमा कुठल्याच खात्यावर मांडलेली नाही. ती मांडायला आपण शिकलो, तर काकीनाड्याच्या टाकीवर आज रात्रपाळीला उभ्या असलेल्या मुलाचे शिकणे हीच त्या योजनेची पहिली आणि सर्वांत मोठी मिळकत आहे, हे धोरण आखणाऱ्यांनाही दिसेल.